मेहताजींचं कंट्रोल-क्लिक: रिअ‍ॅक्ट राउटरची लिंक 11 महिने वापरल्यावर

वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका पेढीला बिलांचं अ‍ॅप करून दिलं, त्याला 11 महिने झाले. ऐरोलीत बसून काम करणारी आमची तिघांची टीम. अ‍ॅप रिअ‍ॅक्टमध्ये (वेब अ‍ॅप बांधायची लायब्ररी), राउटर, म्हणजे पत्त्याप्रमाणे पान दाखवणारा भाग, रिअ‍ॅक्ट राउटरची सातवी आवृत्ती. राउट (कोणत्या पत्त्यावर कोणतं पान, हा नियम) कसे लिहायचे, लिंक आणि नॅव्हलिंकमध्ये फरक काय, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणार. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय: लिंक नव्या टॅबमध्ये उघडते की नाही.

सहाव्या महिन्यात पेढीवरच्या मेहताजींचा फोन आला. "अहो साहेब, हळदीची दोन बिलं शेजारी शेजारी लावून बघायचीत. बाकी साइटवर कंट्रोल दाबून क्लिक केलं की दुसरं पान उघडतं, तुमच्यात का नाही उघडत?"

फोनवर नीट कळेना, म्हणून गाळ्यावर जाऊन बसलो. मेहताजी कंट्रोल दाबून ओळीवर क्लिक करायचे, त्याच टॅबमध्ये बिल उघडायचं. मग पेन्सिलीने चिठ्ठीवर भाव टिपायचा, मागे यायचं, दुसरं बिल उघडायचं. रक्कम कॉपी करायला आकड्यावरून माउस ओढला, तर बोट उचलताच बिल उघडायचं. असं ते सहा महिने करत होते आणि त्या फोनआधी त्यांनी तक्रार केली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

चूक आमची होती. यादीची अख्खी ओळ दाबता यावी म्हणून टेबलच्या ओळीलाच ऑनक्लिक (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) लावून त्यात युजनॅव्हिगेट (कोडमधून पान बदलायची राउटरची सोय) बोलावलं होतं, कारण अँकर टॅगमध्ये (एचटीएमएलमधली खरी लिंक) टेबलची ओळ गुंडाळता येत नाही. ब्राउझरच्या दृष्टीने ती लिंक नव्हतीच. कंट्रोल-क्लिक नाही, चाकाचं क्लिक नाही, उजव्या क्लिकमध्ये 'लिंक कॉपी करा' नाही, टॅब बटणाने तिथे पोचता येत नाही, खाली डाव्या कोपऱ्यात पत्ताही दिसत नाही.

राउटरच्या लिंकचं खरं मोल मला तेव्हा समजलं. ती शेवटी खरा अँकर टॅग काढते, खऱ्या एचरेफसकट (लिंकचा पत्ता). क्लिक झाल्यावर आधी बघते: डावं बटण आहे का, कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट, कमांड यातलं काही दाबलंय का, टार्गेट (कुठल्या टॅबमध्ये उघडायचं ते) वेगळं आहे का. साधं क्लिक असेल तरच ब्राउझरला थांबवून पुशस्टेटने, म्हणजे पान सर्व्हरकडून पुन्हा न मागवता, पत्ता बदलते. नाहीतर बाजूला होते आणि ब्राउझरला त्याचं काम करू देते. हे सगळं हाताने लिहायला गेलो असतो तर एखादी अट नक्की सुटली असती.

बिल नंबरच्या खान्यात लिंक टाकली, पॅडिंग (भोवतीची मोकळी जागा) देऊन तिने पूर्ण खाना भरला आणि ओळीचं ऑनक्लिक काढून टाकलं. अर्ध्या दिवसाचं काम.

दुसऱ्या दिवशी मेहताजींनी कंट्रोल-क्लिक केलं आणि नव्या टॅबमध्ये 404 ('पान सापडलं नाही') आलं! नवा टॅब म्हणजे सर्व्हरकडे सरळ त्या पत्त्याची मागणी, आणि सर्व्हरवर तशी फाइल नसते. आमच्या मशीनवर वीट (Vite, अ‍ॅप बनवताना वापरायचा सर्व्हर) सगळ्या पत्त्यांना इंडेक्स पान, म्हणजे अ‍ॅपचं मूळ पान, देतं, म्हणून दिसलं नव्हतं. मेहताजी रोज मुख्य पानावरूनच आत शिरायचे, त्यामुळे तिकडेही उघडं पडलं नाही. इंजिनएक्स या खऱ्या सर्व्हरमध्ये ट्राय फाइल्सच्या ओळीत (कोणती फाइल कोणत्या क्रमाने शोधायची ते) शेवटी इंडेक्स पान लावलं, ते मिटलं.

मग बिल उघडलं, पण कोरं. हा प्रताप माझ्या काटकसरीचा. गाळ्यात नेट रडतं, म्हणून यादीत आलेली बिलाची माहिती लिंकच्या स्टेटमधून (लिंकसोबत पाठवलेली माहिती) पुढच्या पानाला देत होतो, एक एपीआय कॉल, म्हणजे सर्व्हरकडची एक मागणी, वाचवायला. नव्या टॅबमध्ये ती स्टेट येत नाही, नल (रिकामी) मिळते. रिफ्रेश केल्यावर मात्र टिकते, म्हणून आमच्या चाचणीत पकडली गेली नाही. आता पत्त्यातल्या बिल नंबरवरून माहिती मागवतो. स्टेट असेल तर तोवर ती दाखवतो. तारखेचा फिल्टरही सर्च पॅराममध्ये (पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) हलवला, म्हणजे मागे आल्यावर पुन्हा तारीख निवडायला नको.

सुरुवातीला या राउटरबद्दल माझं मत कडू होतं. जुन्या एका कामात पाचव्या आवृत्तीवरून सहाव्यावर जाताना स्विचचं राउट्स आणि युजहिस्टरीचं युजनॅव्हिगेट, असे जुने भाग नव्यांनी बदलण्यात दोन शनिवार-रविवार गेले आणि ते तास बिलात लावता आले नाहीत. तो राग मी सातव्या आवृत्तीवरही काढत होतो. आता नाही काढत. पुढच्या कामात हाच राउटर घेणार, आणि जिथे दुसरं पान उघडायचं तिथे लिंकच. युजनॅव्हिगेट फक्त फॉर्म जतन झाल्यावर किंवा लॉगइननंतर.

एक गोष्ट अजून राहिली आहे. बिल बघून मागे आलं की यादी पुन्हा वरून सुरू होते. राउटरचं स्क्रोल रिस्टोरेशन (मागे आल्यावर पान होतं तिथेच ठेवणारी सोय) ब्राउझरच्या खिडकीचा स्क्रोल सांभाळतं. आमची यादी आतल्या डब्यात सरकते, ती त्याच्या हिशेबात येत नाही. मेहताजींना सांगितलंय, तोवर चाकाने क्लिक करून बिल वेगळ्या टॅबमध्ये उघडा, म्हणजे यादी जागेवर राहील. परवा गेलो तेव्हा त्यांच्या स्क्रीनवर नऊ टॅब होते आणि टेबलावर चिठ्ठी एकही नव्हती.