अस्सल खरेदीखत एजंटाच्या हातात देऊ नका: माझे 99,800 रुपये गेले

हे लिहायला मला दोन महिने लागले. थोरल्या आक्काला अजून पूर्ण रक्कम सांगितलेली नाही. तरी आज लिहितोय, कारण गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या शेजारच्या शॉपवाल्यानं मला व्हॉट्सॲपवर एका 'लोन कन्सल्टंट'चा फोटो दाखवला. नाव वेगळं, नंबर वेगळा, माणूस तोच, मला फसवणारा.

शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. आता पार्ट्या सीएनसीशिवाय, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनशिवाय, काम द्यायला तयार नाहीत. वापरलेलं एक मशीन 14 लाखांना ठरत होतं, म्हणून मंगळवार पेठेतलं घर तारण ठेवून 15 लाख काढायचं ठरवलं.

घर वडिलांच्या नावावर, 1978 चं खरेदीखत. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, पण प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे घराच्या मालकीच्या सरकारी नोंदीत, वारस नोंद करायची राहूनच गेली. बँकेत चौकशीला गेलो तेव्हा कर्ज विभागातल्या मॅडमनी सरळ सांगितलं, "आधी प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावं लावून घ्या. दोन्ही बहिणींचं हक्कसोडपत्र रजिस्टर करा, नाहीतर त्यांना कर्जात सामील करून घ्या. मग या." बरोबर बोलल्या त्या. पण मशीनवाला महिनाभरच थांबणार होता आणि माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

हा माणूस एका पार्टीच्या ऑफिसात भेटला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, बोलणं अगदी घरच्यासारखं. "मालक, कार्डाचं काय घेऊन बसलाय? ते आमचा वकील बघतोय. घराची किंमत 40 लाख धरली तरी 36 लाखांपर्यंत बसतंय तुमचं." म्हणजे 90 टक्के. घर तारण ठेवल्यावर साधारण 50 ते 70 टक्क्यांच्या पुढं कुणी जात नाही, हे मला नंतर कळलं. 90 टक्के म्हणणाऱ्या माणसासमोरून तिथंच उठा.

पैसे कसे गेले ते सांगतो. फाईल चार्ज 2,500 रुपये. सर्च रिपोर्टचे, म्हणजे वकिलानं घराच्या मालकीचे जुने कागद तपासायचे, 8,500, रोख. 'सिबिल क्लिअर' करायचे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा स्कोअर सुधारायचे, 18,000, कारण जुन्या क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिल्यामुळं माझा स्कोअर 641 होता. प्रोसेसिंग फी 25,000 अधिक जीएसटी, म्हणजे 29,500. आणि शेवटी कर्जाचा विमा, 35,000 अधिक जीएसटी, 41,300. सर्च रिपोर्ट सोडला तर सगळं एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर गेलं. बँकेची फी खाजगी माणसाच्या खात्यात जात नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तो म्हणाला, "बँकेत भरलं तर आठ दिवस लागतात, माझ्याकडनं आज एन्ट्री होते." मी घाईत होतो. घाईत माणूस ऐकतो.

आता जे आठवून अजून झोप येत नाही ते. सर्च रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी आला. 30 वर्षांचा शोध एका दिवसात! हिरव्या लीगल कागदावर गोल शिक्का, शाई एका बाजूला पसरलेली. त्यात लिहिलेलं, मालक मी, मालकी निर्वेध. रात्री जेवण झाल्यावर कागद पसरून बसलो होतो. बायकोनं फाईलमधलं प्रॉपर्टी कार्ड उचललं आणि म्हणाली, "अहो, ह्याच्यावर तर अजून मामांचंच नाव आहे. मग वकिलानं तुमचं कसं लिहिलं?"

एका हातात कार्ड, एका हातात रिपोर्ट. दोन्ही माझ्यासमोर. आणि मी तिला म्हणालो, "तुला त्यातलं काय कळतंय?"

तिला कळलं होतं. मला कळून घ्यायचं नव्हतं, कारण बँकेनं नऊ वर्षांचं राहिलेलं काम माझ्यापुढं ठेवलं होतं आणि ह्या कागदानं ते एका रात्रीत पुसून टाकलं होतं. पुढं मंजुरीपत्र आलं, एका नावाजलेल्या बँकेच्या लेटरहेडवर. त्यात घराचा पत्ता 'ई वॉर्ड'. अहो, मंगळवार पेठ बी वॉर्डात येते, हे कोल्हापुरात पोरगंसुद्धा सांगेल. "टायपिंग मिस्टेक हाय मालक," म्हणाला. त्याच संध्याकाळी मी विम्याचे 41,300 पाठवले.

आणखी एक. बँक सर्च आणि व्हॅल्युएशन तिच्या पॅनेलवरच्या वकिलाकडून आणि व्हॅल्युअरकडून करून घेते. तुम्ही बाहेरून आणलेला रिपोर्ट तिच्या कामाचा नसतो. त्यामुळं त्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

विम्याचे पैसे गेल्यावर तीन दिवस 'आज डिस्बर्समेंट, उद्या डिस्बर्समेंट', म्हणजे कर्जाचे पैसे आज मिळतील, उद्या मिळतील. चौथ्या दिवशी फोन बंद. शाहूपुरीतल्या ज्या गाळ्यात त्यानं मला बसवलं होतं, तिथं गेलो तर शटरला कुलूप आणि 'भाड्याने देणे आहे'चा बोर्ड. मंजुरीपत्र घेऊन बँकेत गेलो. साहेबांनी पाहिलं, हसले, "हे आमचं नाही." म्हटलं, तेवढंच लेखी द्या, पोलिसांना दाखवायला लागेल. तर म्हणे, "आम्हाला तसं देता येत नाही, तुम्ही हेड ऑफिसला मेल करा." मेल केला. उत्तर आलं, शाखेशी संपर्क साधा.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी, "तुम्ही स्वखुशीनं पैसे दिले, हा दिवाणी मामला आहे." तिसऱ्या दिवशी सायबरकडं पाठवलं. तिथं विचारलं, "तुम्ही त्याला समोर भेटलाय ना? मग हे सायबर कसं?" परत ठाण्यात. तिथं, "यूपीआयनं दिलेत ना? मग सायबरच." असे अकरा दिवस मी वर्कशॉप बंद ठेवून हिंडलो. एकानं तर विचारलं, "शिकलेले दिसताय, मग एवढं कसं कळलं नाही?" ह्या प्रश्नाचं मी काय उत्तर द्यायचं? मी चोरी केली होती का? शेवटी अर्ज घेतला, आवक नंबर दिला. गुन्हा अजून दाखल नाही. खरं तर गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. पण हे तुम्ही कायद्याचं नाव घेऊन सांगितलं की समोरच्याचा चेहराच बदलतो.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी नवव्या दिवशी फोन केला. तक्रार नोंदली गेली, पण तोवर पैसे त्या खात्यातून पुढं गेले होते. पहिल्या तासाभरात केला असता तर निदान विम्याची रक्कम गोठवता आली असती. लाज वाटते म्हणून थांबू नका, मी त्यातच आठवडा घालवला.

सिबिलचं सांगायचं राहिलं. स्कोअर पैसे घेऊन कुणी 'क्लिअर' करत नाही. सिबिलसह चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चुकीची नोंद असेल तर तक्रारही फुकट करता येते, 30 दिवसांत निकाल लागायला हवा. माझी थकबाकी मात्र खरीच होती, 6,200 रुपये. ती थेट भरली असती तर 18,000 वाचले असते.

आणि सगळ्यात मोठं नुकसान पैशाचं नाही. वडिलांचं 1978 चं अस्सल खरेदीखत मी त्या माणसाला 'एक दिवसासाठी' दिलं. पोहोचही घेतली नाही. अस्सल कागद बँकेत कर्जाची कागदपत्रं सही करताना, बँकेच्या यादीवर पोहोच घेऊनच द्यायचे असतात. त्याआधी झेरॉक्स पुरते. प्रॉपर्टी कार्ड तर महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचं निघतं, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

त्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढली आहे. पेपरात जाहीर नोटीस दिली आहे की, ह्या मिळकतीवर कुणी बोजा चढवू नये. वारस नोंदीचा अर्ज दिलाय. धाकटी बहीण हक्कसोडाला लगेच तयार झाली. आक्काला रविवारी सगळं सांगणार आहे, रकमेसकट. मशीन दुसऱ्यानं नेलं.