बेसची मेथड आधी की शेवटी?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या गूळ अडत्याचं बिलिंग क्यूटीमध्ये (खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायच्या सी++ लायब्ररीत) करताय, सौद्यांची यादी क्यूटेबलव्ह्यूत, म्हणजे तिच्या तक्ता दाखवणाऱ्या क्लासवरून काढलेल्या तुमच्या क्लासमध्ये. माउसचं बटण दाबल्यावर चालणारी माउसप्रेसइव्हेंट ही मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे तिच्या जागी स्वतःची लिहिली. आता बेस क्लासची (क्यूटेबलव्ह्यूची) मूळ मेथड तिच्यात कुठे बोलवायची?

आधी बोलावली तर क्लिक केलेली ओळ आधीच निवडलेली असते. करंटइंडेक्स (सध्याची ओळ-रकाना) विचारा, गुळाच्या रव्यांचं (ढेपांचं) वजन-दर बाजूला दाखवा. सुटसुटीत.

शेवटी ठेवली तर क्लिक अडवता येतं: इंडेक्सअ‍ॅटने क्लिकच्या जागची ओळ शोधायची, सौदा मिटलेला असेल तर तिथूनच रिटर्न. पण बाणाच्या कीने मुनीमजी त्याच ओळीवर जातातच! म्हणून खरं कुलूप मॉडेलच्या (तक्त्याला माहिती पुरवणाऱ्या भागाच्या) फ्लॅग्जमध्ये, म्हणजे ओळ निवडता येते की नाही हे सांगणाऱ्या खुणांमध्ये लावावं आणि बेस आधीच बोलवावा, असं माझं मत.

अजिबातच बोलावली नाही, तर क्लिक्ड सिग्नलही (क्लिक झाल्याची क्यूटीची सूचना) येत नाही.