डिपची काठी की ऑटो गेज? पंपवाल्याचा हिशोब

नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर, टँकर उन्हात तापून येतो आणि जमिनीखालची टाकी त्या मानाने थंड, तर 12,000 लिटर पेट्रोल 10 अंशांनी निवलं तरी साधारण 140 लिटर आकसतं. चोरी नाही बाप्पा, फिजिक्स आहे! पण काठीच्या डिपवर, म्हणजे टाकीत काठी बुडवून मापलं तर, हे कळणार कसं, ती फक्त उंची सांगते, टाकीच्या चार्टवरून त्या उंचीचे लिटर आपण काढायचे, आणि माल खाली केल्या केल्या डिप घेतला की पातळी हलतच असते.

ऑटो गेज म्हणजे टाकीतली पातळी आपोआप मोजणारं यंत्र. त्याच्या प्रोबवर, म्हणजे टाकीत उभ्या सोडलेल्या दांड्यावर, दोन फ्लोट (तरंगते), एक तेलाचा एक पाण्याचा, शिवाय तापमान पण मिळतं, त्यामुळे घट कुठून आली ते लगेच समजतं. टाकीत किती जागा उरली तेही आधीच दिसतं, म्हणजे ओव्हरफ्लोची भीती कमी.

तरी काठी फेकू नका हं. लाइट गेली, प्रोब बिघडला तर तीच कामाची. मात्र इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळून जातं, तिथे काठीला लावायची, पाणी लागलं की रंग बदलणारी जुनी पेस्ट दगा देते, आणि तेव्हा फ्लोटवरही डोळे झाकून भरोसा नको.

डेन्सिटी (घनता) तर काठी असो की गेज, हायड्रोमीटर या घनतामापकानेच बघा, माल उतरवायच्या आधी.