माझा सेट आला, बाकी दहा घरांचे आले नाहीत... खताच्या कुंड्यांपायी ४०,२०० चा चुना

लिहू की नको असं करत दोन महिने घालवले. आधीच सांगते, मी अडाणी नाहीये. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवतेय, ओटीपी कुणाला देत नाही, 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कट होणार' वाला फोन आला तर त्यालाच चार शब्द ऐकवते. आणि तरी माझ्याच हाताने, माझाच पिन टाकून, वर दुसऱ्यांचे पैसे गोळा करून मी ते त्या माणसाला पाठवले. आता हसा.

झालं असं की जुलैमधे (२०२५) पुण्यात आमच्या घराजवळच्या एका हॉलमधे प्रदर्शन लागलं होतं, सगळं पर्यावरणपूरक. बांबूचे टूथब्रश, काथ्याच्या घासण्या, जुन्या साड्यांच्या पिशव्या, आणि एका कोपऱ्यात मातीच्या तीन मजली खताच्या कुंड्या. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्यावरून कायम धुसफूस, कचरा न्यायला येणाऱ्या ताई रोज कुणाच्या ना कुणाच्या डब्यातून डायपर बाहेर काढतात आणि बोलणी मी खाते कारण कमिटीत मी आहे. त्यामुळे मी तिथे थांबले. स्टॉलवरचा मुलगा तिशीतला, खादीचा कुर्ता, बोलणं इतकं अदबीचं की काय सांगू, "काकू, हात घालून बघा, वास येतोय का?" मी घातला हात. खत खरंच छान होतं, पावसानंतरच्या मातीसारखं. (ते कुठल्या तरी नर्सरीतून आणलेलं असणार हे आता कळतंय.)

पुण्यात गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं यासाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट मिळते हे बऱ्याच जणांना माहिती आहे. त्याने नेमकं तेच धरलं. "सर्टिफिकेट आमच्याकडून, बिलाला जोडून द्यायचं की झालं." असं सर्टिफिकेट दुकानदार देत नसतो हो! सूट देणार महापालिका, तर काय लागतं ते तिथेच जाऊन विचारायचं. मी विचारलं नाही.

किंमत ५,२०० ची, दहाच्या वर घरं असली तर ३,८५०. मी आठवड्यात अकरा घरं जमवली, माझं धरून. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना तर मी मागे लागून लागून तयार केलं, त्या म्हणत होत्या मला अळ्यांची किळस येते, मी म्हटलं काही होत नाही, गणपती येतायत, निर्माल्य घरच्या घरी जिरवू. एकूण ४२,३५०. अर्धे आधी, म्हणजे २१,१७५. ते दिले आणि चारच दिवसांत 'सॅम्पल' म्हणून एक पूर्ण सेट माझ्या दारात. कुंड्या, कोकोपीटची वीट, कल्चरचं (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं) पाकीट, सगळं. त्याच वेळी मी माझ्यासाठी म्हणून 'कंपोस्टेबल' कचरा पिशव्यांचे २ पुडे (६९८), ४ ब्रश (४८०) आणि रिठ्याच्या लिक्विडचा ५ लिटरचा कॅन (१,१५०) घेतला, त्याचे २,३२८ वेगळे.

आता ९ ऑगस्ट. त्या दिवशी राखीपौर्णिमा, भाऊ-वहिनी जेवायला, गॅसवर नारळीभात, आणि याचा फोन. "काकू, माल टेम्पोत चढलाय, उरलेलं पेमेंट आणि घरटी १७० भाडं पाठवलंत की गाडी सोडतो, १४ तारखेला सगळ्यांच्या दारात." क्यूआर पाठवला. मी स्कॅन केला आणि स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुठल्यातरी भलत्याच बाईचं होतं. पहिल्या वेळी दुकानाचं नाव आलं होतं हो. मी थांबले. खरंच थांबले, चमचा खाली ठेवला, त्याला विचारलं हे कोण. तो म्हणाला, "आमच्या मॅडमचं अकाउंट आहे, कंपनीचं करंट अकाउंट ऑडिटला लागलंय." ऑडिटला लागलंय म्हणजे काय? अकाउंट काय ऑडिटला लागतं का, बंद पडतं का? हे मी वर्गातल्या पोरांना सुद्धा खपवू दिलं नसतं. पण तिकडून वहिनी विचारतेय केशर कुठंय, भात खाली लागल्याचा वास येतोय, आणि डोक्यात एकच की याला जास्त ताणलं तर गाडी राहील आणि गणपतीच्या आधी माल येणार नाही, मग दहा जणांना मी काय सांगू. २१,१७५ अधिक १,८७०, म्हणजे २३,०४५, टाकला पिन. ते नाव अजून डोळ्यासमोर येतं. चौथीच्या पोराला वाचता आलं असतं असं मोठ्या अक्षरात होतं.

१४ ला "पाऊस आहे काकू". १६ ला "गाडी कात्रजला बंद पडली". १८ ला फोन बंद.

मग एकेक उकरत बसले. बिलावरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होत होता, महाराष्ट्राचा, म्हणून मला बरोबर वाटला होता. तो नंबर १५ अक्षरांचा असतो. मोजला तर १४. गणिताची बाई! जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की धंद्याचं नाव समोर येतं, एक मिनिट लागतं, फुकट आहे, कुणालाही पैसे देण्याआधी करा. बिलावरच्या पत्त्यावर नवऱ्याला घेऊन गेले तर तिथे झेरॉक्सचं दुकान, तो बिचारा म्हणाला या महिन्यात तुम्ही तिसऱ्या.

पिशव्यांचं तर विचारूच नका. पुड्यावर हिरवं पान आणि 'शंभर टक्के बायोडिग्रेडेबल'. मी एक पिशवी त्याच कुंडीत खाली घातली होती, दोन महिन्यांनी खत उपसलं तर पिशवी कुजलेली नाही, तिचे नखाएवढे हिरवे तुकडे झालेत आणि सगळ्या खतात मिसळलेत, चिमट्याने वेचतेय मी. कंपोस्टेबल पिशवीवर तसं छापलेलं असावं लागतं, आणि बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट असावं लागतं. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' आणि पान बघून घेऊ नका. आणि खरी कंपोस्टेबल असली तरी घरच्या कुंडीत भराभर कुजेल असं समजू नका, तिला मोठ्या प्लांटमधली उष्णता लागते. रिठ्याचं लिक्विड पोपटी, लिंबाच्या वासाचं, फेस तर असा की सिंकमधून जाईना. आई रिठे भिजवून पैठणी धुवायची, ते पाणी तपकिरी असायचं, हे मला लहानपणापासून माहीत, तरी मी पोपटी रिठा विकत घेतला!

आता मदतीचं ऐका. १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावला तेव्हा दुसरं पेमेंट होऊन ९ दिवस झाले होते. तक्रार नोंदली, नंबर मिळाला, पण पैसे त्या खात्यातून कधीच पुढे गेलेले. संशय आल्याबरोबर पहिल्या तासात फोन करा, माझ्यासारखी 'बघू उद्या करेल फोन' म्हणत बसू नका. मग चौकी. तिथले साहेब म्हणाले, थोडा माल आलाय ना, मग ही फसवणूक नाही, दिवाणी मॅटर आहे. मी म्हटलं अहो अकरातला एक आलाय. तर म्हणे, "आला ना पण." परत गेले तर अर्ज तीन प्रतींत आणा. तीन प्रतींत नेला तर विषय नीट लिहिला नाही. विषय नीट लिहून नेला तर गणपतीचा बंदोबस्त, विसर्जनानंतर या. विसर्जनानंतर गेले तर ज्यांनी अर्ज घेतला त्यांची बदली, आणि अर्ज सापडेना. माझ्याकडे पोच नव्हती कारण तेव्हा म्हणाले होते शिक्का कपाटात आहे. (पोच घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून उठायचं नाही. शिक्का नसेल तर मोबाईलवर फोटो काढा, सही-तारखेसकट.) बँकेत गेले तर मॅनेजर म्हणतो पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार, एफआयआर आणा. चौकीत म्हणतात बँकेकडून पत्र आणा मग बघू. मी शाळेतून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून या दोघांच्या मधे टपाल्यासारखी फिरतेय. तेवढ्यात एक शिपाई मला म्हणाला, "मॅडम, एवढ्या शिकलेल्या तुम्ही." ते वाक्य पैशांपेक्षा जास्त लागलं.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी हात वर केले, स्टॉलचं भाडं रोख घेतलेलं, नाव-पत्ता काही नाही. आता ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकलीय, ५ लाखांपर्यंत फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो आणि पत्त्यावर झेरॉक्सवाला आहे.

आणि सोसायटी. माझा सेट आला, दहा जणांचा नाही, यावरून काय काय ऐकावं लागलं असेल ते समजून घ्या. चेअरमन लिफ्टमधे म्हणाले, "बरं झालं, तुमचा तरी आला." चौथ्या मजल्यावरच्या काकू काहीच म्हणाल्या नाहीत, तेच जास्त झोंबलं. मी आरडी मोडून दहा घरांना ४,०२० प्रमाणे ४०,२०० परत केले. "राहू दे हो" सगळे म्हणाले, घेतले सगळ्यांनी. पुन्हा कधी ग्रुप ऑर्डरचे पैसे स्वतःच्या अकाउंटवर घेणार नाही, ज्याने त्याने परस्पर द्यावेत, आणि माल दारात आल्यावर द्यावेत.

मागच्या रविवारी ती कुंडी उलटी करून धुतली. सगळ्यात खालच्या कुंडीच्या बुडाला अर्धवट खरवडलेलं स्टिकर होतं. आली त्या दिवशी सुद्धा मी ते पाहिलं होतं, वाटलं किमतीचं असेल. पाण्याने फुगून उरलेली अक्षरं वर आली, एका दुसऱ्याच कंपनीचं नाव आणि फोन नंबर. लावला. त्या बाई म्हणाल्या, जुलैमधे एकाने आमच्याकडून एकच सेट नेला होता, बिल घेऊन, २,९०० ला, वर घासाघीस करून शंभर कमी केले होते.