पोलो जीटी घेऊन गेलो आणि गोल्फ जीटीआय चालवून आलो, दोन टेस्ट ड्राइव्हचा अनुभव

आधी माझ्या गाडीबद्दल सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. माझ्याकडे २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, लाल रंगाची, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस (साधारण हॉर्सपॉवरच), १७५ एनएम टॉर्क आणि ७ स्पीडचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एक लाख दहा हजारच्या वर रनिंग झालंय. इथेच चाकणला बनलेली, आणि तिच्याइतकी रस्त्याला चिकटून चालणारी छोटी गाडी मी तरी दुसरी चालवलेली नाही. ताम्हिणीत किती वेळा गेलो असेन त्याचा हिशोब नाही. २०२२ ला पोलो भारतात बंद झाली तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं, घरचं कोणी बदली होऊन लांब गेल्यावर वाटतं तसं.

तर झालं असं की बाणेरच्या बाजूला एक जुन्या गाड्यांचा डीलर आहे, नाव सांगत नाही, त्याच्याकडे फोक्सवॅगनचीच गोल्फ जीटीआय आल्याचं मित्राने कळवलं. पांढरी, सिंगल ओनर, रनिंग चार हजारसुद्धा नाही. ही गाडी भारतात मे २०२५ ला आली, पूर्ण तयार होऊनच बाहेरून येते, तेव्हा एक्स शोरूम ५३ लाखाच्या आसपास होती, आणि पहिल्या लॉटच्या जेमतेम दीडशे गाड्या हातोहात गेल्या. तेव्हा मी नुसतं बघत बसलो होतो. या वेळी फोन उचलला आणि म्हटलं बघायला येतो, पण टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीची चक्कर नको, मला घाट पाहिजे. तो म्हणाला सर पेट्रोल तुमचं असेल तर चालेल, माणूस सोबत बसेल. झालं, रविवारी सकाळी साडेसहाला पोलो घेऊन पोचलो.

पाऊस बारीक होता. हे मुद्दाम सांगतोय कारण कोरड्या रस्त्यावर चालवली असती तर जे कळलं ते कळलंच नसतं.

दार उघडलं आणि पहिल्यांदा नजर गेली ती सीटच्या चौकड्यांवर. हे चेक्सचं कापड १९७६ च्या पहिल्या जीटीआयपासून चालत आलेलं आहे, गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या डिझायनर बाईंनी निवडलेलं. त्या आधी पोर्सिलेनवर चित्रं काढायच्या, आणि गोल्फ बॉलच्या आकाराची गिअरची मूठ हीसुद्धा त्यांचीच कल्पना. या गाडीत ती मूठ नाहीये, डीएसजी असल्यामुळे बोटाएवढं एक बटण आहे, पुढे मागे ढकलायचं. मला मूठ पाहिजे होती. पण स्टिअरिंग हातात आलं आणि ते विसरलो, जाड, खालून जरा चपटं, आणि बटणं खरी दाबायची, आधीच्या मॉडेलमधली टचवाली काढून टाकलीत हे फार चांगलं केलं. एसीचं तापमान मात्र अजून बोट सरकवूनच कमी जास्त करायचं. पोलोत गोल नॉब आहेत, डोळे रस्त्यावर ठेवून फिरवता येतात, या बाबतीत पोलो पुढे आहे आणि मी कोणाशीही यावर वाद घालायला तयार आहे.

बाणेरहून पाषाण, पाषाणहून चांदणी चौक, तिथून भूगाव, भुकूम आणि पिरंगुट घाट, असा रूट. भूगावपर्यंत काहीच करता येत नाही, दुधाच्या गाड्या, ट्रॅक्टर, मध्येच उघडणारी दारं, पण या पट्ट्यातच मला पहिलं आश्चर्य वाटलं. मला वाटलं होतं २६५ पीएसची गाडी म्हणजे सतत पट्टा ताणणाऱ्या कुत्र्यासारखी ओढत राहील, तसं अजिबात नाही. कम्फर्ट मोडमध्ये वीसच्या स्पीडला शांत चालते, गिअर कधी पडला कळत नाही. माझ्या पोलोचा डीएसजी ड्राय क्लचवाला आहे, बंपर टू बंपरमध्ये त्याच्याशी जरा समजुतीने वागावं लागतं, ब्रेक सोडून पुढच्या गाडीमागे इंच इंच सरकायचं नाही, अंतर पडू द्यायचं आणि मग एकदाच जायचं, दहा वर्षात पायाला ती सवय लागलीय. गोल्फचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा आहे, त्याला एवढं सांभाळावं लागत नाही.

आणि मग घाट सुरू झाला.

इथे जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या दृष्टीने सगळा फरक इथेच आहे. दोन्ही गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. वळणात गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला जातं, आतलं पुढचं चाक हलकं होतं, आणि अशा वेळी तुम्ही ॲक्सिलरेटर दिला की साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांना इंजिनचा जोर वाटून देणारा भाग) ते हलकं चाक नुसतंच फिरायला लागतं, मग बाहेरच्या चाकाला पकड असून उपयोग नाही, त्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो. पिरंगुट घाटात चढताना एक उजवं वळण आहे, चढ आणि वळण एकदमच येतं, तिथे पावसात माझ्या पोलोत हमखास ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लुकलुकतो, इंजिन गप्प केलं जातं, नाक डावीकडे बाहेर सरकतं, आणि मी पाय उचलून वाट बघतो. दहा पावसाळे हेच. मला वाटायचं पुढच्या चाकांवर चालणारी गाडी म्हणजे हे असंच असणार.

गोल्फमध्ये पुढच्या दोन चाकांच्या मध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असलेला क्लच बसवलाय, तो आतलं चाक सुटायच्या आत जोर बाहेरच्या चाकाकडे वळवतो. कागदावर वाचलेलं होतं. तेच वळण, तसाच ओला रस्ता, मी नेहमीच्या जागी पाय उचलायच्या तयारीत होतो, आणि गाडीचं नाक बाहेर जायच्या ऐवजी आत आलं. कोणीतरी बंपरला हात घालून गाडी आत ओढावी तसं. हाताला स्टिअरिंगमध्ये एक बारीक ओढ जाणवते, बस, दिवा नाही, थांबणं नाही. मी वरपर्यंत गेलो, वळून खाली आलो आणि तेच वळण परत घेतलं, स्पीड पन्नासच्या आतच, कारण डीलरकडच्या पोराला पहिल्यांदाच बरोबर घेतलेलं आणि गाडी दुसऱ्याची. सोबतचा मुलगा म्हणाला सर काही प्रॉब्लेम आहे का. म्हटलं नाही रे, प्रॉब्लेम नाहीये हेच परत बघायचंय.

पिकअपबद्दल सगळेच लिहितात म्हणून थोडक्यात. ३७० एनएम, तेही १६०० आरपीएमपासून, शून्यापासून शंभरच्या स्पीडला कंपनीच्या आकड्याप्रमाणे ५.९ सेकंद. परत येताना मोकळा तुकडा मिळाला तिथे सेकंडमध्ये एकदा पूर्ण दाबून बघितलं, पाठ सीटला लागते आणि डोक्यात विचार यायच्या आत तुम्हाला ब्रेक मारावा लागतो. आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला लिमिट १०० ची आहे, घाटात ६० ची, त्यामुळे ही ताकद रोज वापरायची वस्तू नाही हे मान्य करायला पाहिजे. पोलोत तुम्ही कायदा न मोडता इंजिन पूर्ण वापरू शकता, लाल रेषेपर्यंत नेऊ शकता, त्याचा आनंद वेगळा आहे आणि तो गोल्फमध्ये कमी मिळणार. इंजिनाचा आवाजही आतमध्ये जरा वाढवून ऐकवतात, स्पोर्ट मोडमध्ये ते कळतं, मला पोलोचं १.२ चं साधं गुरगुरणं जास्त आवडतं.

गंमत बघा, १९७६ ची पहिली जीटीआय ११० पीएसची होती. म्हणजे माझी पोलो पाच पीएस कमी. वजन मात्र त्या गाडीचं ८०० किलोच्या थोडंसंच वर, पोलोचं ११०० च्या घरात, आणि ही आताची गोल्फ साडेचौदाशेच्या आसपास. शुद्ध वंशाचा हिशोब केला तर पहिल्या जीटीआयच्या जवळची माझी पोलोच आहे असं मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलोय, आणि अजूनही ते मला खरं वाटतं. पण वजन वाढलं तसे ब्रेकही वाढले ना. पोलोला मागे ड्रम आहेत, घाट उतरताना तीन चार जोराच्या ब्रेकनंतर पेडल थोडं खोल जातं. गोल्फचं पेडल पहिल्या वळणाला होतं तिथेच शेवटच्या वळणाला.

रविवारी घरी आलो तेव्हा ठरलंच होतं म्हणा ना, पण बायकोने एक फार बरोबर गोष्ट सांगितली. म्हणाली, तू घाटात वर्षातून वीस वेळा जाणार, आपल्या बिल्डिंगच्या रॅम्पवरून दिवसातून दोनदा, तो रॅम्प बघितलास का? नव्हता बघितला. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, टेस्ट ड्राइव्ह आपल्या पार्किंगमध्ये संपली पाहिजे.

म्हणून बुधवारी परत. या वेळी सकाळी नऊला, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, बाबांना घेऊन. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात. पोलोत ते आधी बसतात आणि मग पाय आत घेतात. गोल्फची सीट खाली आहे आणि मांडीच्या बाजूला उंच कडा, त्यावरून सरकून आत जायचं. बसताना काही नाही, उतरताना त्यांनी एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि एकदा थांबले. मी विचारलं त्रास होतोय का. म्हणाले, "उठायला लागतो, बसायला नाही. पण मागच्या सीटपेक्षा बरं आहे, तुझ्या गाडीत मागे तर माझे गुडघे पुढच्या सीटला टेकतात." ते खरं आहे. मागे बसणाऱ्यांसाठी गोल्फ पोलोपेक्षा फारच बरी, डिकी ३८० लिटरची, पोलोची २८०, गावाला जाताना हा फरक एका मोठ्या बॅगेचा आहे.

खड्डे. गोल्फला १८ इंची चाकं आणि ४० प्रोफाइलचे, म्हणजे बाजूची भिंत बुटकी असलेले टायर, त्यामुळे खड्डा लपत नाही, सगळं कळतं. पण नुसतं कळणं वेगळं आणि कंबरेत बसणं वेगळं. पोलोचे १५ इंची टायर छोटा खड्डा गिळतात, मोठ्या खड्ड्यात मात्र मागची दोन्ही चाकं एका बीमने जोडलेली असल्यामुळे सगळा मागचा भाग एकदम उडतो. गोल्फच्या मागच्या चाकांना स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेन्शन आहे, एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं आपल्या जागी. बाबांना विचारलं तर म्हणाले कडक आहे पण आपटत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीची मला काळजी वाटते, रात्रीच्या पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही आणि असा एक टायर फुटला तर खिशाला चांगलंच पडतं.

आता रॅम्प. आमचा रॅम्प वरून खाली जाताना एकदम तुटतो आणि खाली टेकतो तिथे पाणी जाण्याची लोखंडी जाळी आहे, जरा वर आलेली. बाबांना वरच उतरवलं. वॉचमन काका जाळीशी जाऊन खाली वाकून बसले, हात वर करून, आणि मी गाडी तिरकी घेतली, आधी उजवं चाक, मग डावं, चालण्याच्या स्पीडच्याही खाली. काका बोटांनी अंतर दाखवत होते, चार बोटं, तीन बोटं, दोन. मग हात हलवला, या या या. नाही घासलं. वर येतानाही तसंच तिरकं घेतलं, नाही घासलं. सरळ घेतली असती तर पुढची कडा गेली असती हे काकांनी स्पष्ट सांगितलं, आणि समोरून कोणी आलं तर मला मागे जाऊन थांबावं लागणार. सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकरही तिरकाच घ्यायचा. हे रोज करायची माझी तयारी आहे का, याचा मी दोन दिवस विचार केला, आणि आहे.

पैशाचं म्हणाल तर ही रक्कम माझ्यासाठी मोठी आहे, फार मोठी. याच पैशात ऐसपैस एसयूव्ही येते, उंच, सनरूफवाली, आणि घरातल्या निम्म्या लोकांनी तेच सुचवलं. ॲव्हरेजही पोलोइतका मिळणार नाही, इन्शुरन्स जास्त, पार्ट बाहेरून यायचे म्हणजे थांबणं आलं. ज्याला एका गाडीत सगळं पाहिजे आणि गाडी चालवणं हे ज्याच्यासाठी फक्त पोचणं आहे, त्याने ही घेऊ नये. ज्याच्याकडे चांगली पोलो जीटी आहे आणि घाटात जाणं होत नाही, त्यानेही घेऊ नये, शहरात पोलो आजही जास्त चपळ आहे, पार्किंगला सोपी आहे. पण पावसात त्या उजव्या वळणावर तुमचाही पाय दरवेळी उचलला जात असेल, तर एकदा चालवून बघा.

मी शुक्रवारी टोकन दिलं. टायर वर्षभराचेच आहेत, बाजूच्या कोडवरून आठवडा आणि वर्ष बघून घेतलं. आता आरसी, इन्शुरन्स आणि सर्व्हिसचे पेपर बघायला सोमवारी जातोय, मित्र गाडीतले फॉल्ट वाचायचा स्कॅनर घेऊन येणार आहे.

पोलो विकत नाहीये. डीलर एक्स्चेंजला घ्यायला तयार होता, आकडाही बरा सांगितला, पण ती साताऱ्याला ताईकडे जातेय, भाच्याचं लायसन आलंय नुकतंच. आज दुपारी बसून पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं तारखेप्रमाणे फाइलला लावली, आणि वर एक कागद लिहून ठेवलाय त्याच्यासाठी, ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकायचं नाही, अंतर पडू द्यायचं आणि मग एकदाच जायचं.