कुर्टीचं बोर्ड नसलेलं गॅरेज: १५ वर्षांची गाडी ठेवायची की काढायची, ते इथे कळलं

हा रिव्ह्यू जरा मोठा होणार, कारण एकाच गॅरेजमध्ये आमच्या घरातल्या दोन जुन्या गाड्या नेल्या आणि दोघींचे निकाल एकदम उलटे लागले. फोंड्याला कुर्टीच्या बाजूला आत एक गॅरेज आहे, बोर्ड नाही, पत्र्याची शेड आणि पुढे फणसाचं झाड. सगळे नुसतं मेस्तांचं (मेस्त म्हणजे आपल्याकडे मिस्त्री) गॅरेज म्हणतात म्हणून मीही तेच लिहिते.

माझी गाडी वॅगनआर एलएक्सआय, डिसेंबर २०१० ची, जीए-०४ पासिंग, १ लाख ४२ हजार किमी झालेली. बाबांनी घेतली होती, ते गेल्यापासून मी चालवते, डिचोली ते पणजी रोज ऑफिसला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका शुक्रवारी म्हापशाचा बाजार करून पणजीला निघाले तर पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे नेहमीसारखा जाम, पाऊण तास पहिल्या गिअरमध्ये, आणि टेंपरेचरचा काटा वर वर जायला लागला, त्यात क्लचचा जळका वास. बाजूला घेऊन बॉनेट उघडून उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आता बास, ही गाडी काढायची. त्यातच पुढच्याच महिन्यात १५ वर्षं पूर्ण होत होती म्हणजे आरसी (गाडीची नोंदणी) रिन्यू करायची वेळ आलेली.

आधी गेले हायवेवरच्या एका मोठ्या मल्टिब्रँड वर्कशॉपमध्ये. एसी वेटिंग रूम, कॉफी, टॅबवर एस्टिमेट. १ लाख १२ हजार. त्यात इंजिन ओव्हरहॉल, स्टिअरिंग रॅक, अख्खी गाडी रंगवणे, एसी पूर्ण नवीन. वर तो मुलगा म्हणाला मॅडम एवढे घालण्यापेक्षा एक्स्चेंज करा, आम्ही बघतो. मी विचारलं इंजिन का उघडायचं, धूर येतो का, ऑइल कमी होतं का, तर म्हणे एवढं रनिंग झालं की करावंच लागतं. गाडी लिफ्टवर चढवलीच नव्हती. मी समोर बसलेली होते, मला दिसत होतं. खालून न बघता लाखाचं एस्टिमेट दिलेलं मला अजिबात पटलं नाही, म्हणून तिथून निघाले.

ऑफिसातल्या एका ताईंनी मेस्तांचा पत्ता दिला. ५०० रुपये घेतात आणि गाडी नीट तपासून सांगतात, काम त्यांच्याकडे करा किंवा करू नका. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली, की तपासणीचे पैसे वेगळे आहेत. तपासणी फुकट असली की तो खर्च कुठेतरी कामातून काढलाच जातो, मग नको ती कामं निघतात.

सकाळी साडेआठला पोचले. मेस्त पन्नाशीचे असतील. चावी घेतली पण इंजिन चालू केलं नाही, आधी गाडी रॅम्पवर घेतली आणि टॉर्च आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली शिरले. मला पण बोलावलं, बाय, खाली बघ म्हणून. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने रनिंग बोर्ड, म्हणजे दरवाज्यांच्या खालची पत्र्याची पट्टी, ठोकत ठोकत पुढून मागे गेले. पत्रा चांगला असला की टण् असा आवाज येतो आणि गंजलेला असला की थप्प. माझ्या गाडीला डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या पुढे हातभर जागेत थप्प आला, बाकी सगळीकडे टण्. मग रनिंग बोर्डच्या खालची छोटी भोकं दाखवली, पाणी निचरून जायला कंपनीनेच दिलेली असतात. माझी सगळी बुजलेली. मेस्तांनी पातळ तार आत घालून फिरवली तर लालभडक चिखलाचं पाणी धार लागून आलं, नोव्हेंबरात, पाऊस जाऊन किती दिवस झाले तरी! डिचोलीची लाल माती आत जाऊन बसते, ओली राहते आणि पत्रा आतून खाते, बाहेरून रंग चकचकीतच दिसतो. मी पंधरा वर्षं गाडी वरून धुतली, ही भोकं कुणी सांगितलीच नव्हती.

पत्रा झाल्यावर मग इंजिन. तिन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावला, १६५, १६०, १६५. मेस्त म्हणाले आकडा किती आहे त्यापेक्षा तिन्ही सारखे आहेत हे महत्त्वाचं, एखादा बराच खाली असता तर वेगळी गोष्ट. ऑइलचं झाकण उघडून खालून बघितलं, दुधाळ काही नाही म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळत नाही, हेड गॅस्केट ठीक. निळा धूर नाही. ह्या वॅगनआरला के-सिरीजचं ९९८ सीसी इंजिन आहे, त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ऑइल वेळेवर बदललेलं असलं तर ते सहज पुढे जातं. बाबांनी ऑइल कधी चुकवलं नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांच्या अक्षरातली वही अजून आहे, तारीख आणि किलोमीटर लिहिलेली. मेस्तांनी ती वही पाच मिनिटं चाळली आणि मग म्हणाले, "बाय, इंजीन बरें आसा. तें उकतें करूं नाका." म्हणजे इंजिन चांगलं आहे, ते उघडू नका.

मला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं खरं सांगायचं तर.

मग एस्टिमेट. कागदावर हाताने तीन भाग केले. आत्ता केलंच पाहिजे, सहा महिन्यांत केलं तरी चालेल, आणि करू नका. पहिल्यात क्लच सेट, रेडिएटर आणि होज पाइप, दोन्ही लोअर आर्म (पुढची चाकं खालून बॉडीला धरून ठेवणारे दांडे), पुढचे शॉकअप, डाव्या रनिंग बोर्डचं टिंकरकाम (पत्र्याचं काम) आणि खालून अंडरबॉडी कोटिंग, आणि पेट्रोलचे रबरी पाइप. पाइप का विचारलं तर म्हणाले आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, २०१० च्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही, ते फुगतं नाहीतर तडकतं, आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोल गळणं हा जिवाशी खेळ आहे. दुसऱ्या भागात मागचे दोन टायर आणि एसीचा कंडेन्सर. तिसऱ्यात रंग, स्टिअरिंग रॅक आणि इंजिन. पहिल्या भागाचे ४४ हजार सांगितले, शेवटी ४६,३०० झाले कारण लोअर आर्मचा एक बोल्ट गंजून आत तुटला आणि ड्रिल करून काढावा लागला, पण त्याआधी फोन करून विचारलं, हे महत्त्वाचं.

काम सुरू करण्याआधी, ४४ हजार जुन्या गाडीवर घालायचे का, ह्यावर घरी दोन दिवस चर्चा झाली. भाऊ म्हणाला गाडीची किंमत तरी तेवढी आहे का, लाखभर येतील जास्तीत जास्त. पण मला हा हिशेबच चुकीचा वाटतो, कारण मला गाडी विकायचीच नाही, मला ऑफिसला जायचंय. मी दुसरा हिशेब मांडला. नवीन छोटी गाडी घेतली आणि साडेचार लाख लोन ९ टक्क्यांनी ५ वर्षांचं काढलं तर हप्ता साधारण ९,३४० बसतो, म्हणजे हे सगळं काम पाच हप्त्यांत बसतं. गाडी सहाव्या महिन्यापुढे नीट चालली की तिथून पुढे माझे पैसे वाचतात. मान्य, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेस धरून २९ वरून १८ टक्क्यांवर आला, गाड्या स्वस्त झाल्या, शोरूमवाले हेच सांगत होते. पण स्वस्त झाली तरी हप्ता हा हप्ताच.

आरसीचं पण लिहिते कारण खूप जणांना वाटतं १५ वर्षं झाली की गाडी भंगारात. तसं नाही, दिल्लीचा नियम वेगळा. आपल्याकडे फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो, आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की ५ वर्षं वाढतात. खासगी कारची रिन्यूअलची फी ५,००० आहे, आधी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून वाढली. आणि २० वर्षांनंतरची २०२५ मध्ये १०,००० केली, ते माझ्या पुढच्या वेळचं.

आता काकांची गाडी. माझं काम छान झालेलं बघून मावशीचे यजमान, मांद्र्याचे काका, म्हणाले माझी पण दाखवून आणूया. त्यांची हॅचबॅक २००९ ची, पण रनिंग फक्त ५८ हजार, एकहाती वापरलेली, आतून सीट कव्हर अजून नव्यासारखे. त्यांनी आधीच आरसी रिन्यू केली होती, आणि थोडं टिंकरकाम करून अजून पाच वर्षं चालवायचं ठरवलेलं. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं माझीच जर राहिली तर त्यांची तर आरामात राहणार.

मेस्त रॅम्पखाली गेले, ठोकलं, थप्प. पुढे ठोकलं, थप्प. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उलटा केला आणि टोक लोअर आर्म जिथे बॉडीला धरतो त्या जागी नुसतं टेकवून दाबलं, हातोडा नाही काही नाही, आणि ते बिस्किटात जावं तसं आत गेलं. वरून गंजाचे पापुद्रे मेस्तांच्या डोक्यावर पडले. काका काहीच बोलले नाहीत. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटं, गाडी पंधरा वर्षं माडाखाली उघड्यावर, आणि दोन वर्षांपूर्वी कुणीतरी गंज न काढता वरूनच जाड काळं कोटिंग मारून दिलेलं. त्या कोटिंगखाली खारट ओल अडकून पत्रा आणखी लवकर गेला. कोटिंग करायचंच तर आधी खरवडून, धुऊन, पूर्ण सुकवून, प्रायमर मारून करायचं, आणि ते कोरड्या दिवसांत. हे मेस्तांनी तीनदा सांगितलं.

काकांनी विचारलं वेल्डिंग मारून? मेस्त म्हणाले वेल्डिंग धरायला चांगला पत्रा लागतो, इथे धरणार कशाला, आणि चालत्या गाडीत ही जागा सुटली तर चाक आडवं होईल. मग हात पुसत म्हणाले, "काका, हाचेर एक रुपयो लेगीत घालूं नाकात." म्हणजे ह्यावर एक रुपयासुद्धा घालू नका. साठ-सत्तर हजारांचं काम समोर चालून आलं होतं आणि माणूस नको म्हणाला. माझ्या मते ह्या गॅरेजला पाच स्टार द्यायला एवढं एकच कारण पुरे आहे.

म्हणून गोव्यात जुनी गाडी ठेवायची की काढायची हे किलोमीटर बघून ठरवू नका, खालचा पत्रा बघून ठरवा. इंजिन, क्लच, शॉकअप सगळं बदलता येतं. सस्पेन्शन धरणारी जागा गेली की मग दुरुस्ती नाही. समुद्राकाठची कमी चाललेली गाडी आतल्या गावातल्या दीड लाख चाललेल्या गाडीपेक्षा वाईट असू शकते, सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवा.

काकांनी गाडी रजिस्टर्ड स्क्रॅपवाल्याकडेच दिली, साध्या भंगारवाल्याला नाही. सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये त्यावर २५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची केंद्राच्या नियमांत तरतूद आहे, घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या. आरसी रद्द करून घेणं विसरू नका, नाहीतर तुमच्या नावावरची चासी कुठे फिरेल सांगता येत नाही.

गॅरेजच्या उण्या बाजू पण सांगते. वेळ पाळत नाहीत. सहा दिवस सांगून माझी गाडी अकरा दिवसांनी मिळाली, मध्ये दत्तजयंतीला पोरं दोन दिवस आली नाहीत, आणि मी रोज कदंबाच्या बसने उभ्याने गेले. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, तीही ग्रीसची. व्हॉट्सअपवर उत्तर येत नाही, फोनच करावा लागतो. जुने काढलेले पार्ट मागितल्याशिवाय दाखवत नाहीत, मागितले तर सगळे पोत्यात घालून देतात. क्लचवर सहा महिने गॅरंटी बिलावर लिहून दिली, बाकीवर तोंडी.

आणि एक गोष्ट जी दुरुस्तीने होत नाही. माझ्या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. आता नव्या गाड्यांना हे दोन्ही सक्तीचं आहे, काकांनी घेतलेल्या छोट्या गाडीला सहा एअरबॅग आहेत. मेस्तांनी मला हे स्वतःहून सांगितलं, की बाय, रोजच्या ऑफिसला ठीक आहे पण भाच्यांना घेऊन रात्रीची मुंबई करू नको. ते मी पाळते. हायवेवर रोज शंभरच्या वर जाणारा माणूस असेल, घरात लहान मुलं असतील, तर गाडी कितीही धडधाकट असली तरी मी बदला असंच म्हणेन.

काम होऊन २,६०० किमी झाले. मागच्या रविवारी चौघं जण चोर्ला घाटाने बेळगावला जाऊन आलो, चढावर एसी चालू ठेवून काटा मध्यावरून हलला नाही, आणि क्लच इतका हलका झालाय की आई म्हणाली मीच चालवते आता. आरसी पण आली, डिसेंबर २०३० पर्यंत.

जायचं असेल तर नऊच्या आधी जा, तेव्हा मेस्त स्वतः खाली शिरतात, नंतर पोरं बघतात. सोमवारी बंद. गाडी आदल्या दिवशी धुऊन नेऊ नका, चिखल कुठे साचतो ते त्यांना बघायचं असतं. मी मे महिन्यात परत जाणार आहे, पावसाआधी ती भोकं तारेने मोकळी करून घ्यायला, आणि तार कशी घालायची ते शिकूनही घ्यायचंय.