ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दगडी खोलीत डेनॉनचा एक्स१८००एच

डेनॉनचा एव्हीआर-एक्स१८००एच हा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमाचा आवाज अनेक स्पीकरवर वाटणारा ॲम्प्लिफायर, कसा आहे, असं ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मत आधी सांगून टाकते: घ्या. मात्र त्याच्या खोक्यात खोलीतला आवाज मोजणारा जो छोटा माइक येतो त्याच्यासाठी घ्या. वॅटचा आकडा बघून घेणार असाल, तर ते पैसे चांगल्या स्पीकरवर खर्च केलेले बरे.

मी तबला शिकवते. आमच्या ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालं, तिथेच मी शिकले. त्यामुळे सिनेमातल्या स्फोटावरून मी स्पीकरची परीक्षा करत नाही. डग्ग्याचा घुमारा खालपर्यंत जाऊन मोकळा सुटतो का, चाटेवरचा 'ना' टोकदार येतो का, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झंकारती गुंज, दोन स्पीकरच्या मधोमध उभी राहते का, हे मी ऐकते. घरात माझ्याहून कडक परीक्षक आहेत ते माझे सासरे. ऐंशी ओलांडली आहे, कान उतारावर आहेत, आणि नाटकांची रेकॉर्डिंग रोज हवीत. जुन्या ॲम्प्लिफायरवर त्यांची एकच तक्रार असायची: "सूनबाई, आवाज तेज केला की नुसता गडगडाट वाढतो. माणूस काय बोलतोय ते काही कळत नाही."

ही तक्रार घरोघरी आहे आणि तिच्यामागे ठोस कारण आहे. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकणं आधी कमी होतं. स, श, त, क या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग तिथेच असतो. म्हणून स्वर ऐकू येतात आणि शब्द निसटतो. त्यात खोली घुमणारी असली की मागच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. अशा वेळी आवाज वाढवून काही उपयोग नाही, कारण शेपटीही तेवढीच वाढते.

आमचं घर जिवाजीगंजच्या बाजूला, जुनं. भिंती दगडी, छत दगडी पटियांचं, खाली फरशी. बैठकीची खोली सोळा फूट लांब, बारा फूट रुंद आणि बाराच फूट उंच. उन्हाळ्यात अशी घरं सुखाची, पण आवाजाला अवघड. दगड आवाज पीत नाही, जवळजवळ सगळा परत पाठवतो. रिसीव्हर यायच्या आधी मी खोलीच्या मधोमध तबला घेऊन बसले आणि द्रुत लयीत तिरकिट वाजवलं. चार अक्षरं चार ऐकू यायला हवीत. इथे त्यांची एक सलग खरखर होत होती. कोणतंही यंत्र आणण्याआधी प्रत्येकाने ही परीक्षा करून बघावी. तबला नसेल तर जोरात टाळी वाजवा. टाळीमागून झणझण ऐकू आली, तर पहिला खर्च ॲम्प्लिफायरवर करू नका.

आम्ही आधी गालिचा अंथरला. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला २०२३ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याची बातमी शहरात कौतुकाने वाचली गेली, आणि आमच्याकडे सासूबाईंच्या काळातला एक जाड लोकरी गालिचा माळ्यावर गुंडाळून पडलेला होता. तो पुढचे स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या फरशीवर आला. बाजूच्या भिंतीवर, स्पीकरचा आवाज जिथे आदळून सोफ्याकडे वळतो, तिथे जाड पडदा लावला. ही जागा शोधायची रीत सोपी आहे. आपण सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने भिंतीला टेकवून आरसा सरकवायचा, आणि आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण करायची. मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट होतंच. पुन्हा तिरकिट वाजवलं, तेव्हा चारही अक्षरं सुटी झाली होती. अजून एक रुपयाचं विजेचं सामान घरात आलं नव्हतं.

गालिचा आणि पडदा वरच्या पट्टीचं काम करतात. खालच्या पट्टीला ते जवळजवळ शिवतही नाहीत, आणि आमच्या खोलीचं खरं दुखणं खालीच होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. ३४३ ला याच्या दुपटीने भागा, ४७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनं येतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये या सुराची लाट अडकून उभी राहते आणि हवं त्यापेक्षा कितीतरी मोठी ऐकू येते. आमच्याकडे रुंदी बारा, उंचीही बारा, म्हणजे हाच सूर दोन दिशांनी फुगणार. लांबीचा सूर वेगळा, ३५ हर्ट्झच्या आसपास. डिसेंबरात तानसेन समारोहाला ग्वाल्हेरच्या हजीऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी, जे जातात, त्यांनी उघड्यावरचा डग्गा आठवून बघावा. तिथे ना भिंत ना छत, म्हणून घुमारा येतो आणि सरळ निघून जातो. तोच डग्गा आमच्या खोलीत सबवूफरमधून, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरमधून, वाजला की एक ठरावीक सूर रेंगाळत बसायचा.

सबवूफर कोपऱ्यात ठेवायची सगळीकडे पद्धत आहे, कारण कोपऱ्यात तो सगळ्यात मोठा वाजतो. तो मोठा वाजतो कारण खोलीचे सगळेच अडकलेले सूर तिथून जागे होतात. आम्ही तो टीव्हीच्या, म्हणजे बारा फुटांच्या, भिंतीच्या बरोबर मध्यावर आणला. रुंदीच्या पहिल्या लाटेचा दाब मध्यावर जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे तिथे ठेवलेला सबवूफर तिला उठवू शकत नाही. एक फुगवटा तिथेच शमला. सोफाही मागच्या भिंतीपासून चार फूट पुढे घेतला. भिंतीला टेकून बसलं की खालचे सूर अंगावर येतात, आणि मागून परतणारा आवाज संवादात मिसळतो. खोली त्यामुळे लहान दिसते, हे खरं. आमच्याकडे यावर चर्चा झाली आणि सोफा पुढे राहिला.

छत आणि फरशी मात्र हलवता येत नाहीत. उंचीतला ४७ हर्ट्झचा फुगवटा तसाच होता, आणि तिथून रिसीव्हरचं काम सुरू झालं.

एक्स१८००एचमध्ये ऑडिसी कंपनीची मल्टईक्यू एक्सटी नावाची, खोली मोजून आवाज दुरुस्त करणारी मोजणी आहे. खोक्यात माइक येतो आणि तो उभा करायला पुठ्ठ्याचा घडीचा स्टँडही येतो. मी कॅमेऱ्याचा तिपाया वापरला, माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला, आणि त्याच्या आसपास सोफ्याची पाठ येऊ दिली नाही. मग प्रत्येक स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा एक झपकन सूर निघतो. माइक तो ऐकतो, आणि रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचं अंतर, त्याचा जोर आणि खोलीने त्याच्या आवाजात केलेली ढवळाढवळ काढतो. आठ जागांपर्यंत मोजता येतं. आठही मोजा. पहिली जागा मुख्य माणसाची, बाकीच्या त्याच्या आसपास दीड-दोन फुटांत. मोजणी चालू असताना पंखा, कूलर, फ्रिज बंद हवा. आम्ही पहाटे केली, कारण दिवसा गल्लीत भाजीवाल्यांचे भोंगे सुरू असतात.

सबवूफरचं अंतर मोजणीत प्रत्यक्षापेक्षा जास्त आलं. तुमच्याकडेही येईल. सबवूफरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे त्याचा आवाज किंचित उशिरा निघतो, आणि रिसीव्हर तो उशीरच अंतर म्हणून धरतो. आकडा टेपने मोजून दुरुस्त करायला जाऊ नका, त्याने जुळलेली वेळ बिघडते.

मोजणीनंतर मी पुन्हा डग्गा लावला आणि तो रेंगाळणारा सूर गेला होता. घसीट, म्हणजे डग्ग्यावर मनगट सरकवून बदलणारा सूर, वरून खाली एकसारखी उतरली, मध्ये कुठेच ढेकूळ नाही. या क्षमतेसाठीच मी या यंत्राची शिफारस करते. तिची मर्यादाही नीट समजून घ्यावी. फुगवटा मशीन कापू शकतं. पण सोफा ज्या जागी आहे तिथे लाटा एकमेकींना खोडत असतील आणि खड्डा पडला असेल, तर तो भरता येत नाही. तिथे कितीही ताकद ओतली तरी खोडणारी लाटही तेवढीच वाढते, आणि ॲम्प्लिफायर फुकट दमतो. म्हणून आधी जागा, मग माइक. क्रम उलटा केला तर निम्मा फायदा हातचा जातो.

मोजणी संपली की दोन गोष्टी हाताने बघाव्या लागतात. रिसीव्हर बऱ्याचदा पुढच्या स्पीकरना 'लार्ज', म्हणजे खालचे सूरही स्वतःच वाजवणारे, ठरवतो. ते 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचं सगळं सबवूफरकडे जातं. त्याच्यात स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे रिसीव्हरवरचं सगळ्यात जड ओझं उतरतं आणि बाकीचे स्पीकर मोकळे गातात. दुसरी गोष्ट डायनॅमिक ईक्यू. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं. डायनॅमिक ईक्यू आवाज कमी असताना खालचे सूर त्या हिशोबाने उचलतं. रात्री हळू ऐकताना ते फार चांगलं. पण त्याचं मोजमाप सिनेमाच्या ध्वनिमिश्रणाला धरून आहे. गाण्यांसाठी आणि टीव्हीसाठी त्याचंच 'रेफरन्स लेव्हल ऑफसेट' हे सेटिंग १० किंवा १५ वर न्या, म्हणजे ही उचल कमी होते, नाहीतर डग्गा तबल्यावर चढून बसतो. मी बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकताना ते पूर्ण बंद ठेवते.

आता वॅट. कंपनी ८० वॅट सांगते, ते ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृतीत, दोन चॅनल चालू असताना. हा सांगण्याचा प्रामाणिक प्रकार आहे. जाहिरातीतले मोठाले आकडे बहुधा एकाच चॅनलचे आणि एकाच सुराचे असतात. आमच्या पुढच्या बुकशेल्फ स्पीकरच्या कागदावर ८८ डेसिबल लिहिलंय, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर ८८. तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत ते ऐंशीच्या आसपास उरतात. घरातलं रोजचं ऐकणं याहून बरंच हळू असतं, म्हणजे बहुतेक वेळ आपण एका वॅटच्या आतच असतो. उरलेली ताकद अचानक येणाऱ्या उंच क्षणांसाठी. ८० ऐवजी १६० वॅट घेतले तर फरक ३ डेसिबलचा. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. दुकानात हे कोणी सांगत नाही.

सासऱ्यांच्या तक्रारीचं उत्तर मधल्या स्पीकरमध्ये होतं. पाच स्पीकरच्या मिश्रणात संवाद बहुतांशी तिथूनच येतात. तो टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला होता. तो कप्प्याच्या काठापर्यंत पुढे आणला आणि खाली रबराची पाचर देऊन त्याचं तोंड थेट बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे केलं. हे मोजणीच्या आधीच केलं होतं. नंतर फक्त सेंटरचा जोर २ डेसिबलने वाढवला. नाटकाचं रेकॉर्डिंग दोनच चॅनलचं असेल तर डॉल्बी सराउंड मोड लावते, मग बोलणं मधल्या स्पीकरवर येतं. सासरे आता पूर्वीपेक्षा कमी आवाजावर टीव्ही बघतात, आणि मध्येच मला हाक मारून "काय म्हणाला तो?" असं विचारणं थांबलंय. माझ्या दृष्टीने या खरेदीचं सगळ्यात मोठं मोल तेच आहे.

बाकीचं थोडक्यात. तार शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नको. आमच्या खोलीत मागच्या स्पीकरपर्यंत अडीच चौरस मिलीमीटरची तार पुरली. दिल्लीच्या लाजपतराय मार्केटमधून मीटरवर आणली, महागड्या तारेची मला काही गरज दिसली नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो आणि असा रिसीव्हर मुळातच गरम होतो, म्हणून तो बंद कपाटात ठेवू नका. वर आणि बाजूला मोकळी हवा हवी, आणि त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स तर नकोच.

ज्यांना पुढे वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडायचाय त्यांच्यासाठी हा नाही, कारण सबवूफर सोडला तर इतर स्पीकरचे प्री-आउट, म्हणजे बाहेरच्या ॲम्प्लिफायरकडे आवाज नेणाऱ्या जोडण्या, यात नाहीत. तो विचार असेल किंवा हॉल आमच्यापेक्षा बराच मोठा असेल, तर याच मालिकेतला एक्स३८००एच बघा, त्यात प्री-आउटही आहेत आणि मल्टईक्यूची जास्त बारकाईची एक्सटी३२ आवृत्तीही. आणि फक्त दोन स्पीकरवर गाणंच ऐकायचं असेल, सिनेमा-नाटक नकोच असेल, तर साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घ्या आणि वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घाला.